लाल जास्वंद: पहिल्या रोपापासून पहिल्या छाटणीपर्यंत

लाल फुलांच्या शोभिवंत झुडपांत जास्वंद सर्वांत ओळखीची, आणि नवख्या बागकर्त्याला सर्वांत लवकर निराश करणारीही तीच. रोपवाटिकेत अंगभर कळ्यांनी लगडलेले रोप घरी आणल्यावर आठवडाभरात कळ्या टाकू लागते, खालची पाने पिवळी पडतात, आणि मग खत, पाणी व औषध यांचा एकदम मारा सुरू होतो. यातले बरेचसे नुकसान टाळता येते, कारण या झुडपाच्या साऱ्या मागण्या एकाच गोष्टीभोवती फिरतात. जास्वंदीची कळी नेहमी नव्याने वाढलेल्या कोवळ्या फांदीवर, शेंड्याजवळच्या पानांच्या बगलेत येते. जुन्या, लाकडासारख्या टणक झालेल्या भागावर फूल धरत नाही. म्हणून जे नवी फूट अखंड चालू ठेवते ते फुलांसाठी चांगले आणि जे तिला धक्का देऊन थांबवते ते वाईट, एवढे लक्षात ठेवले तरी पुढच्या बहुतेक पायऱ्यांमागचे कारण आपोआप कळते.

या झुडपाला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस हे शास्त्रीय नाव कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये दिले. कापूस आणि भेंडी ज्या कुळातील त्याच कुळातील हे झुडूप असून, पाच पाकळ्यांच्या मधून बाहेर आलेली पुंकेसरांची लांब नळी आणि तिच्या टोकाशी असलेले पाच बारीक लाल ठिपक्यांसारखे कुक्षी (परागकण टिपणारी टोके) ही त्याची सहज पटणारी ओळख आहे. मलेशियाने १९६० मध्ये हेच फूल राष्ट्रीय फूल म्हणून निवडले. झाड उष्ण हवेचे असल्याने साधारण १५ ते ३० अंश सेल्सियस तापमानात ते मनापासून वाढते, १० अंशांच्या खाली त्याची वाढ ठप्प होते, आणि दहिवर गोठेल अशा थंडीत त्याच्या फांद्या काळ्या पडून मरतात. खरेदीपूर्वी येथे एक गफलत टाळावी. हिबिस्कस सिरियाकस नावाची या झुडपाची एक नातलग जाती हिवाळ्यात पाने गाळून कडाक्याच्या थंडीतही तगते. तिची पाने निस्तेज आणि बहुधा तीन खंडांची असतात, तर आपल्या जास्वंदीची पाने गडद हिरवी आणि तेल लावल्यासारखी चकचकीत असतात. दोघींची निगा वेगळी आहे, आणि एकीचे नियम दुसरीला लावले की, विशेषतः हिवाळ्यात, रोप हातचे जाते.

रोप निवडताना

पहिले रोप साध्या, एकेरी पाकळ्यांच्या लाल जास्वंदीचे घ्यावे, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. ताटलीएवढ्या फुलांचे, दोन-तीन रंगांचे संकरित वाण मोहक असतात खरे, परंतु त्यांतील अनेकांची मुळे दुबळी असल्याने ते दुसऱ्या दणकट जास्वंदीच्या खुंटावर कलम केलेले असतात, आणि पाण्यातील चूक ते सहजी माफ करत नाहीत. साधी लाल मात्र दुर्लक्ष, कडक ऊन आणि बेताची माती हे सारे सोसून पुन्हा फुटते.

रोप पाहताना फुलांची संख्या मोजत बसू नये. खोडाच्या बुंध्यापासून तीन-चार फांद्या निघालेल्या आहेत का, पानांच्या मागे आणि फांदीच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पदार्थ चिकटलेला आहे का, आणि कुंडीच्या तळाच्या छिद्रांतून मुळांचे जाळे बाहेर लोंबते आहे का, एवढे पाहावे. उघडलेल्या फुलांपेक्षा लहान-मोठ्या कळ्या आणि ताजे कोवळे शेंडे असलेले रोप केव्हाही चांगले. कलमी रोप असेल तर कलमाचा जोड कुठे आहे ते तेव्हाच विचारून ठेवावे, कारण जोडाखालून आलेली प्रत्येक फूट ही खुंटाची असते आणि ती दिसताक्षणी मुळापासून काढावी लागते.

आणखी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. विक्रीसाठी वाढवलेल्या रोपांना ती बुटकी आणि भरगच्च राहावीत म्हणून पुष्कळदा वाढरोधक द्रव्य दिलेले असते. काही महिन्यांत त्याचा परिणाम ओसरला की पेरांमधले अंतर वाढते आणि रोप उंच, सडसडीत होऊ लागते. हा रोग नव्हे. तो झाडाचा मूळ स्वभाव आहे आणि त्यावर उपाय छाटणीचा आहे.

जागा, कुंडी आणि माती

दिवसाकाठी निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीतली जास्वंद मरत नाही, उलट पाने मोठी आणि हिरवीगार दिसतात, पण कळ्या धरत नाहीत. जेथे दुपारचे तापमान ३५ अंशांच्या वर जाते तेथे सकाळचे पूर्ण ऊन आणि दुपारनंतरची विरळ सावली अधिक मानवते, कारण अति उष्णतेत झाड कळ्या गाळते. जोराच्या वाऱ्याची वाट टाळावी. वाऱ्याने कुंडी इतक्या लवकर कोरडी होते की पाण्याचे गणितच चुकते.

रोपवाटिकेतील रोप सावलीच्या जाळीखाली वाढलेले असेल तर त्याला पहिल्याच दिवशी कडक उन्हात ठेवू नये. आधी फक्त सकाळचे ऊन, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडे अधिक, अशा रीतीने दहा-बारा दिवसांत ते पूर्ण उन्हाला सरावते.

कुंडी सुरुवातीला २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाची पुरे. लहान रोपाला एकदम मोठ्या कुंडीत लावण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु मुळे पोचलेली नाहीत अशी जास्तीची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कुजण्याची सुरुवात तेथूनच होते. तळाला छिद्रे असणे सक्तीचे आहे. छिद्रांवर खापरीचा तुकडा किंवा जाळी ठेवावी, म्हणजे माती वाहून जात नाही. तळाशी खडीचा जाड थर देण्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते.

मातीच्या मिश्रणात दोन भाग बागेतील भुसभुशीत माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) असावे. माती चिकट व काळी असेल तर वाळूचे प्रमाण वाढवून कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळावे. मिश्रण मुठीत दाबले असता गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा, इतपत ते मोकळे हवे. सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान, म्हणजे किंचित आम्लधर्मी असलेला उत्तम. जमिनीत लावताना सिमेंट किंवा चुन्याच्या भिंतीला अगदी लागून खड्डा घेऊ नये, कारण तेथील माती चुन्यामुळे अल्कधर्मी झालेली असते आणि अशा मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही.

लावणी

लावणी सायंकाळी करावी. आदल्या रात्री रोपाला पाणी द्यावे, म्हणजे मुळांचा गोळा न फुटता निघतो. मुळे गोळ्याभोवती गोल फिरलेली असतील तर बाहेरची मुळे बोटांनी हलकेच सैल करावीत. रोप पूर्वी मातीत जेवढे खोल होते तेवढेच नव्या कुंडीतही खोल असावे. बुंध्याभोवती मातीचा ढीग करू नये. कुंडीच्या काठापासून तीन सेंटिमीटर जागा पाण्यासाठी मोकळी ठेवून, माती हलक्या हाताने दाबून, तळातून पाणी येईपर्यंत सावकाश पाणी घालावे. यानंतर निदान तीन आठवडे खत देऊ नये आणि कुंडी इकडून तिकडे हलवू नये. या काळात असलेल्या कळ्या गळाल्या तरी चिंता करण्याचे कारण नाही. झाड आधी मुळांची घडी बसवते.

पाणी

जास्वंदीची सर्वाधिक रोपे पाण्याने मरतात, आणि त्यांतही कमी पाण्याने मरणारी थोडी असतात. ‘रोज एक तांब्या’ किंवा ‘एक दिवसाआड’ असे वेळापत्रक येथे उपयोगी पडत नाही, कारण तेच रोप उष्ण, वाऱ्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाणी मागते आणि ढगाळ, गार हवेत चार दिवस मागत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण चार-पाच सेंटिमीटर, मातीत घालून पाहावे. टोकाला गार ओलावा लागला तर थांबावे. माती कोरडी, सुटी लागली तर तळातून वाहीपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. वरचेवर शिंपडलेले थोडे थोडे पाणी सर्वांत वाईट, कारण वरचा थर ओला दिसतो आणि खालची मुळे कोरडीच राहतात.

पाने मलूल झालेली दिसली की हात लगेच पाण्याकडे जातो, तेथे क्षणभर थांबावे. भर दुपारी माना टाकलेली पाने संध्याकाळी आपोआप ताठ झाली तर ती केवळ उन्हाची तगमग होती. सकाळच्या गारव्यातही पाने लोंबत असतील आणि माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे. पाने लोंबलेली आणि माती मात्र ओली असेल तर मुळे कुजू लागली आहेत, आणि अशा वेळी दिलेले पाणी हे शेवटचा घाव ठरते. तेव्हा रोप कुंडीतून काढावे, तपकिरी, मऊ पडलेली आणि हाताला साल सुटून येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, कोरड्या मोकळ्या मिश्रणात पुन्हा लावावे, वरच्या फांद्याही तितक्याच प्रमाणात कमी कराव्यात आणि नवी फूट दिसेपर्यंत रोप विरळ सावलीत ठेवावे.

पिवळी पाने वाचायला शिकले की अर्धे काम झाले. खालची एक-दोन जुनी पाने अधूनमधून पिवळी होऊन गळणे हा नित्यक्रम आहे. एकाच वेळी पुष्कळ पाने पिवळी पडली तर पाण्यातील किंवा तापमानातील अचानक बदल शोधावा. शेंड्याची कोवळी पानेच पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असे चित्र दिसले तर ती लोहाची कमतरता होय. येथे चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातले लोह) उपयोगी पडते, पण मूळ कारण बहुधा चुनखडीयुक्त पाणी किंवा अल्कधर्मी माती असते आणि ती सुधारल्याशिवाय पिवळेपणा परत परत येतो.

खत

फुलांसाठी स्फुरद द्यावे, हा सरसकट सल्ला जास्वंदीला लागू पडत नाही. या झाडाला नत्र (नायट्रोजन) मध्यम, स्फुरद (फॉस्फरस) कमी आणि पालाश (पोटॅशियम) भरपूर लागते. जास्तीचे स्फुरद मातीत साचत जाते आणि लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये उचलण्यात अडथळा आणते. त्यामुळे हाडांचे खत मूठमूठ घालण्याची सवय येथे सोडावी. खताच्या पिशवीवर नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने तीन आकडे असतात, त्यांतील मधला आकडा सर्वांत लहान आणि शेवटचा सर्वांत मोठा असलेले पाण्यात विरघळणारे खत घ्यावे, पिशवीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मे घ्यावे, आणि वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी ओल्या मातीतच द्यावे. कोरड्या मातीत दिलेल्या खताने मुळे भाजतात आणि पानांच्या कडा करपतात. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत मातीच्या वरच्या थरात मिसळले तर उत्तमच. वाढ थांबलेली असताना, रोप आजारी असताना किंवा नुकतेच लावलेले असताना खत अजिबात देऊ नये.

छाटणी

नवख्या माणसाचा हात येथे थरथरतो. झाड हिरवेगार असताना त्याचा तिसरा हिस्सा कापून टाकायचा म्हणजे जिवावर येते. परंतु फूल शेंड्यावर येते हे मान्य केले की हिशेब सरळ आहे: एक फांदी म्हणजे एक शेंडा, आणि ती कापली की तिच्या खालच्या डोळ्यांतून, म्हणजे सुप्त अंकुरांतून, दोन-तीन नवे शेंडे निघतात. छाटणी न झालेले झाड उंच होत जाते, खाली उघडे पडते आणि दूर टोकांवर चार फुले मिरवते.

छाटणीची वेळ थंडी सरून रात्रीचे तापमान सातत्याने १३-१४ अंशांच्या वर राहू लागल्यानंतरची. थंडीच्या तोंडावर छाटणी केल्यास कोवळी फूट गारठ्यात सापडते. कात्रीचे पाते स्पिरिटने पुसून घ्यावे. प्रथम वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या बाजूस वळलेल्या बारीक फांद्या काढाव्यात. मग उरलेल्या प्रत्येक फांदीवर खालून वर पाहत जावे. पानाच्या देठापाशी, किंवा पान गळून राहिलेल्या खुणेच्या अगदी वर, तांदळाच्या दाण्याएवढा फुगीर डोळा दिसतो. झाडाच्या बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा निवडून त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर किंचित तिरका काप घ्यावा, म्हणजे नवी फांदी बाहेर फाकते आणि मध्यभागी हवा व ऊन खेळते राहते. एका वेळी झाडाचा तिसऱ्या हिस्स्याहून अधिक भाग काढू नये.

छाटलेल्या फांदीवर फूल यायला दोन ते तीन महिने लागतात. तेवढा काळ बाग सुनी नको असेल तर निम्म्या फांद्या आज आणि उरलेल्या पाच-सहा आठवड्यांनी छाटाव्यात. नवी फूट बोटभर लांब झाली की तिचा अगदी कोवळा शेंडा नखाने खुडला तर तिला पुन्हा फाटे फुटतात आणि झुडूप भरदार होते. मात्र हे एकदाच करावे, कारण प्रत्येक खुडणीबरोबर फुले तेवढीच पुढे जातात.

कळ्या गळतात तेव्हा

जास्वंदीचे उमललेले फूल बहुतेक वाणांत एकच दिवस टिकते. सकाळी उघडते, संध्याकाळी मिटते आणि एक-दोन दिवसांत गळून पडते. ही गळ नव्हे. न उमलता पडलेली कळी मात्र तपासावी, आणि तपासण्याची रीत सोपी आहे. पडलेली कळी पांढऱ्या कागदावर ठेवून नखाने उभी चिरावी. आत दोन मिलिमीटरपर्यंतच्या पांढरट-पिवळ्या अळ्या वळवळताना किंवा टुणकन उडी मारताना दिसल्या तर तो कळीमाशीचा प्रादुर्भाव समजावा. ही चिलटासारखी बारीक माशी कळीत अंडी घालते, अळ्या कळी आतून खातात, मग खाली उतरून मातीत कोष करतात, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत नवी पिढी तयार होते. फवारणी कळीच्या आत पोचत नाही, म्हणून येथे औषधापेक्षा शिस्त महत्त्वाची: गळालेली आणि झाडावर पिवळी पडू लागलेली प्रत्येक कळी रोज गोळा करून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकावी. ती कंपोस्टच्या ढिगात किंवा कुंडीच्या मातीत टाकू नये. महिना-दीड महिना हे नेमाने केले की साखळी तुटते.

कळी आतून स्वच्छ असेल तर पाकळ्यांच्या घड्यांत काळपट-पिवळे, सुतळीच्या तुसासारखे फुलकिडे शोधावेत. त्यांनी पाकळ्यांच्या कडा तपकिरी केलेल्या असतात. तेही नसतील तर कारण हवापाण्यात आहे: मध्येच कोरडी राहिलेली माती, उष्णतेची लाट, किंवा जागा बदललेली कुंडी.

कीड

पिठ्या ढेकूण हा जास्वंदीचा जुना सोबती. पानांच्या बगलेत आणि कोवळ्या शेंड्यावर कापसाचे पुंजके दिसतात, शेंडा आखडतो, पाने चुरगळतात. मावा कळ्यांच्या देठांवर दाटी करतो. दोन्ही किडी गोड चिकट द्रव सोडतात, त्या द्रवासाठी मुंग्या येतात, आणि मुंग्या या किडींना त्यांच्या शत्रूंपासून राखतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर कीड आहे असे समजूनच शोध घ्यावा.

थोडी कीड असेल तर आधी पाण्याचा जोराचा फवारा मारून ती धुऊन काढावी, आणि पिठ्या ढेकणाचे पुंजके स्पिरिटात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावेत. फार आखडलेला शेंडा सरळ कापून टाकावा. तसाही त्यावर फूल येणार नसते. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रव साबण घालून, ऊन उतरल्यावर, पानांची मागची बाजू भिजेल असा फवारा द्यावा आणि आठवड्याच्या अंतराने तो तीन-चार वेळा करावा. एका फवारणीने काम झाले असे वाटते, पण अंड्यांतून पुढची पिढी निघतेच. भर उन्हात किंवा तहानलेल्या झाडावर फवारल्यास पाने करपतात. कोरड्या, बंदिस्त हवेत पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे तलम जाळी दिसली तर ती लाल कोळी या अतिबारीक किडीची. तेथे पानांची मागची बाजू दोन-तीन दिवसांआड पाण्याने धुणे हाच पहिला उपाय.

थंडीचे दिवस

जेथे रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते तेथे जास्वंद कुंडीतच वाढवावी आणि थंडी पडण्यापूर्वी आत घ्यावी. आत घेण्याआधी कीड पूर्ण काढावी, कारण बंद खोलीत ती झपाट्याने पसरते. घरातील सर्वांत उजेडाची खिडकी द्यावी, तापवलेल्या हवेच्या थेट झोतापासून दूर ठेवावे, खत बंद करावे आणि पाणी बरेच कमी करावे. पाने गळतील. फांदीची साल नखाने किंचित खरवडली असता आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर तेवढा भाग मेलेला आहे, मात्र खाली आणखी खरवडून पाहिल्याशिवाय झाड टाकून देऊ नये.

छाटलेल्या फांद्यांतून नवी रोपे

बियांपासून आलेले रोप मूळ झाडासारखे निघेलच असे नाही, म्हणून साध्या लाल जास्वंदीची वाढ छाटकलमानेच करावी. छाटणीत निघालेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाड, अगदी कोवळ्याही नाहीत आणि पूर्ण लाकडीही नाहीत अशा १० ते १५ सेंटिमीटरच्या कांड्या निवडाव्यात. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा. शेंड्याची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत आणि ठेवलेली पानेही निम्मी कापावीत, म्हणजे बाष्पीभवन कमी होते. खालचे टोक मुळे फुटण्यास मदत करणाऱ्या संजीवकात (रूटिंग हार्मोन) बुडवून, झटकून, ओलसर कोकोपीट आणि पर्लाइटच्या समभाग मिश्रणात दोन डोळे गाडले जातील एवढे खोचावे. वर पारदर्शक पिशवीचे छत्र करावे, रोज थोडा वेळ ते उघडून हवा द्यावी, आणि कुंडी उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावी.

उबदार हवेत चार ते आठ आठवड्यांत मुळे फुटतात. तोवर कांडी उपटून पाहण्याची उत्सुकता आवरावी, कारण पहिली मुळे केसासारखी नाजूक असतात. वर नवे पान आले एवढ्याने मुळे आली असेही समजू नये; कांडीतील साठ्यावरही पान फुटते. हलकेच ओढले असता कांडी विरोध करू लागली, किंवा तळाच्या छिद्रांतून पांढरे टोक दिसले, की रोप लहान कुंडीत हलवावे. अशा रोपाला पुष्कळदा वीतभर उंचीवरच पहिली कळी येते. ती खुडून टाकावी, आणि पुढच्या दोन-तीन फांद्या फुटेपर्यंत आलेल्या कळ्याही खुडाव्यात.